नियमित उत्पन्न

१९६६ सालच्या मार्चमधल्या एका दुपारी केवलराम पोस्टमन सायकल हातानं ढकलत भिलाईजवळच्या मरोद्याच्या झोपड्यांपाशी आला आणि अंजनाबाईच्या दारात उभा राहिला. घंटी त्यानं वाजवली नाही. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत तो लांबूनच घंटी वाजवत यायचा आणि अंजनाबाई ओले हात लुगड्याला पुसत बाहेर यायची, कारण फौजेतून तिच्या लेकाची, देवरावची, वीस रुपयांची मनिऑर्डर आलेली असायची. आता देवराव नव्हता, आणि मनिऑर्डर आली होती.

"पच्चीस रुपया हे दाई," केवलराम मान खाली घालून त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला; दाई म्हणजे आई. "अब हर महिना आही."

अंजनाबाईनं अंगठा उठवला. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली चिठ्ठीएवढी जागा असते. पाठवणाऱ्यानं तिथं दोन ओळी लिहायच्या. देवराव तिथं पेन्सिलीनं लिहायचा. आई, खुशाल आहे. इकडे थंडी फार. नलूची शाळा सुटू देऊ नको. अंजनाबाईला वाचता येत नव्हतं. शेजारचा भाऊराव वाचून दाखवायचा आणि मग तो कागदाचा तुकडा चुलीमागच्या बिस्किटाच्या डब्यात जायचा. या वेळीही तिनं सवयीनं तो तुकडा भाऊरावापुढे धरला. भाऊराव पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनवरची, कोळशाच्या भट्टीवरची, पहिली पाळी करून नुकताच आला होता, डोळ्यांच्या कडा अजून काळ्या होत्या. त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला.

"काय लिवलं?"

"काही नाई अक्का. नंबर हाये फक्त."

"कायचा नंबर?"

"पेन्शनचा. देवरावच्या."

"वाच."

भाऊरावनं तो नंबर एकेक आकडा करून वाचला. ती शेवटच्या आकड्यापर्यंत नीट ऐकत राहिली, जणू त्यात कुठंतरी थंडीबद्दल काही असेल.

अंजनाबाई भिलाईत आली ती सत्तावन्न सालात. वैनगंगेकाठच्या एका गावातून, नवरा लहानू, बारा वर्षांचा देवराव आणि कडेवर चार वर्षांची नलू. आदल्या वर्षी नागपुरात दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले होते, आणि त्यानंतर गावात त्यांना कुणी कामाला बोलावीना. इकडे माळरान सपाट करून कारखाना उठत होता. पुरुष पाया खणत, बाया घमेल्यातून माती, गिट्टी, मसाला वाहत. अशा बाईला इथले लोक रेजा म्हणत. गावात तिला ज्या नावानं हाक मारत त्यापेक्षा हे नाव बरं होतं. ते निदान कामाचं होतं.

पहिली भट्टी पेटायच्या आधीच्या थंडीत एका चराची कड ढासळली आणि लहानू मातीखालीच राहिला. अर्धाच दिवस भरला होता, तरी ठेकेदारानं त्या दिवसाची पूर्ण रोजी दिली. दुसऱ्या आठवड्यात ठेकेदार बदलला. नव्याला लहानू नावाचा कुणी माणूस माहीतच नव्हता. अंजनाबाई तेराव्या दिवशी नव्हे, चौथ्याच दिवशी घमेलं घेऊन उभी राहिली. तिनं वाहिलेला मसाला आता त्या प्रचंड छपरांखाली कुठं कुठं आहे हे ती बोट दाखवून सांगू शकत असे. पण ऐकणारं कुणी नव्हतं, आणि आता फाटकातून आत जायला पास लागत असे.

नलू नऊ वर्षांची झाली तेव्हा भाऊरावनंच दुर्गच्या छात्रालयाची माहिती आणली. एका धर्मादाय समितीनं जुन्या धर्मशाळेत निराश्रित मुलींसाठी ते चालवलं होतं. राहणं, जेवण, शाळा, वर्षाला दोन फ्रॉक, सगळं फुकट. अट एकच, घरात नियमित उत्पन्न नसावं. रोजीवरच्या बाईचं उत्पन्न नियमित नव्हतं. काम आज आहे, उद्या नाही. नलूला जागा मिळाली. छात्रालयाच्या मोठ्या बाई, रत्नमालाबाई, नागपूरकडच्या होत्या. पोरगी हुशार आहे, मॅट्रिक होईल, असं त्या एकदा म्हणाल्या. मरोद्याच्या त्या झोपड्यांमधली एकही मुलगी पाचवीच्या पुढं गेली नव्हती. अंजनाबाईनं मॅट्रिक हा शब्द भाऊरावाकडून पुन्हा म्हणवून घेतला आणि पाठ केला.

पुढच्याच वर्षी देवराव फौजेत भरती झाला. दर जूनमध्ये छात्रालयाचा कागद नव्यानं भरावा लागे, तेव्हा अंजनाबाईनं ते लपवलं नाही.

"लेक वीस रुपये धाडते, बाई."

"नेमानं?"

"धाडते तवा धाडते."

रत्नमालाबाईंनी कागदावर 'मदत' असं लिहिलं. "उद्या लग्न करेल, बायको येईल, बंद होईल. याला उत्पन्न नाही म्हणत," त्या म्हणाल्या. तीन वर्षं तसंच लिहिलं गेलं.

पासष्टच्या सप्टेंबरात पंजाबच्या हद्दीवर देवराव गेला. विसाव्या वर्षी. अंत्यसंस्कार तिकडंच झाले. तार आली, मग पत्र आलं, मग एक पेटी आली. तिच्यात घडी घातलेलं ब्लँकेट, एक आरसा आणि नलूनं पाठवलेली तीन पत्रं. पुण्यानुमोदनाला वस्ती जमली, बुद्धाच्या नि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, पंचशील म्हटलं. अंजनाबाई सगळ्यांबरोबर ओठ हलवत होती. तिचा आवाज कुणी ऐकला नाही.

फंडाचे आणि राहिलेल्या पगाराचे मिळून पाचशे रुपये पोस्टात जमा झाले होते. त्यात आता ही पेन्शन. तिनं कशालाच हात लावला नाही. पंचवीस रुपये देवरावच्या चिठ्ठ्यांच्या डब्यातसुद्धा ठेवले नाहीत. निराळ्या फडक्यात बांधून आढ्याला खोचले.

भाऊरावची बायको भागाबाई दारात तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "कावून उपाशी मरून राहिली वो अक्का? तुह्याच लेकाचे हायेत ना?"

"त्याचे होते. थो होता तवा."

"आता आढं खाईन काय थे पैसे?"

"खाऊ दे आढ्याले."

एप्रिलमध्ये नलू सुट्टीला घरी आली. तेरा वर्षांची, उंच, निम्मं बोलणं हिंदीत. आठवीत जायचं होतं, भूमिती सुरू होणार होती. तिला कंपासपेटी हवी होती. आढ्याकडे बघत तिनं हळूच विचारलं. अंजनाबाई भाकर थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "दादाच्या मड्यावरचे पैसे खाशीन तू?"

नलूचा चेहरा असा उतरला की भागाबाईनं सूप खाली ठेवलं. नलूनं पुन्हा काही मागितलं नाही. त्या रात्री, त्यानंतरही, जेवताना ती आधी आईच्या ताटात बघायची. हे पीठ कुठल्या पैशाचं, एवढंच तिला बघायचं असावं.

सुट्टीसाठी मुलीला न्यायला गेली तेव्हाच रत्नमालाबाईंनी अंजनाबाईला बाजूला घेतलं होतं. "यंदा समिती कडक आहे. कागदात नवा रकाना आलाय. घरात सरकारी पैसा येतो का म्हणून. तुमचं काय करायचं मला कळत नाही."

अंजनाबाई त्यावर महिनाभर विचार करत राहिली. दुसरा कुठला विचार तिच्याकडे उरलाही नव्हता. हे पैसे आपण खाणार नाही. मग ते आपले कसे? आणि आपले नाहीत तर समितीला त्याचं काय? पण समितीला डोळ्यांनी दिसायला पाहिजे. मरोद्यात विहाराचं बांधकाम चाललं होतं. भिंती कमरेएवढ्या येऊन विटांसाठी अडल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी सगळ्या बायांबरोबर तिनंही तिथं विटा वाहिल्या होत्या, फुकट. बुद्धजयंतीच्या आधी ती भाऊरावाला घेऊन पोस्टात गेली, पाचशेच्या पाचशे काढले, आणि जयंतीला, सगळी वस्ती बसलेली असताना, ते पैसे फडक्यात बांधून तिनं भाऊरावापुढं ठेवले. विहार समितीचा चिटणीस तोच होता.

"देवरावच्या नावानं," ती म्हणाली.

पाच-पाच, अकरा-अकरा रुपयांची वर्गणी देणारी माणसं ती. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि भाऊराव डोळे पुसत पावती लिहायला बसला.

"मोठ्या अक्षरात लिव," अंजनाबाई त्याच्या कानाशी वाकून म्हणाली. "शिक्का चांगला मार. साहेबाले दाखवाची हाये."

"कोन्या साहेबाले?"

"छात्रालयाच्या. घरात काही नाई म्हनून समजलं पाह्यजे ना त्याईले."

भाऊरावचा हात थांबला होता. पण लोक बघत होते. त्यानं शिक्का मारला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात छात्रालयाच्या व्हरांड्यात समिती बसली. तीन गृहस्थ टेबलाशी, रत्नमालाबाई कडेच्या स्टुलावर. सेक्रेटरी दुर्गचे कापडाचे व्यापारी होते, चष्मा कपाळावर ठेवून बोलायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आधी अंजनाबाईला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"पेंशन कितनी आती है?"

"पंचीस."

"हर महीने?"

"हव साहेब. पर हम खाया नहीं. एक पैसा नहीं खाया." तिनं कमरेची पिशवी सोडली, पावती काढली आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. रोजीच्या हजेरीचा कागद ठेवावा तशी.

सेक्रेटरींनी चष्मा खाली घेतला. वाचली. शेजारच्या गृहस्थांकडे सरकवली. "देखिए सेठजी. पाँच सौ. आपने पिछले साल हमको ढाई सौ दिए थे."

सेठजी ओशाळे हसले. हसण्यात कुचेष्टा नव्हती, पण टेबलाशी सगळेच हसले, आणि अंजनाबाईलाही वाटलं की काम झालं. तीही थोडी हसली.

"बाई," सेक्रेटरी म्हणाले, "जो पाँच सौ दान कर सकता है, वह निराश्रित कैसे हुआ?"

तिला वाक्य कळलं, अर्थ कळायला वेळ लागला. ती रत्नमालाबाईंकडे वळली. "बाई, त्याईले सांगा ना. पैसे घरात नाईत म्हनून तं रसीद आनली."

रत्नमालाबाईंनी सांगितलं. हिंदीत, हळू, दोनदा. सेक्रेटरींनी रजिस्टर उघडून तिच्याकडे फिरवलं, तिला वाचता येत नाही हे विसरून. या एका जागेमागे चार मुली उभ्या आहेत, ते म्हणाले. एक लाकूडतोड्याची आहे. आईही नाही, बापही नाही. "उसको क्या बोलूँ मैं?"

अंजनाबाईनं रजिस्टरकडे पाहिलं. त्या मुलीचं नाव त्यात कुठं असेल ते ती शोधत असावी. मग म्हणाली, "बाई, माहा लेक जिता होता तवा वीस धाडे. तवा तुमीच म्हनलं का हे उत्पन्न नोहे."

"जिवंत माणसाचा भरवसा नसतो, अंजनाबाई. कधी पाठवील, कधी नाही. नियमच तसा आहे."

"आन् मेलेल्याचा असते?"

हे हिंदीत कुणी सांगितलं नाही.

शेवटी एवढं ठरलं की मुलीला काढून टाकायचं नाही. फी देणाऱ्या मुलींच्या दोन जागा होत्या, त्यातली एक नलूला. महिना वीस रुपये, एक जुलैपासून, आगाऊ. दारापर्यंत पोचवायला आलेल्या रत्नमालाबाई म्हणाल्या, "पेन्शनीतून भागेल. वर पाच उरतील." मग आपण काय बोललो हे कळून त्यांनी तिचा दंड धरला आणि लगेच सोडला.

भाऊरावला हे समजलं तेव्हा तो झोपडीच्या दारातच खाली बसला. "त्याच दिवशी बोलाले पाह्यजे होतं मी. विटा आल्या अक्का, सिमेंट आलं. पन आमी फिरून वर्गणी काढू. तुले पैसे वापस देऊ. रसीद फाडून टाक."

"फाडू नको. त्याचं नाव हाये त्याच्यावर."

"मंग पोरीचं?"

"पेन्शन तं येनारच ना भाऊ. रसीद फाडून थे थोडीच थांबते."

जूनच्या अखेरीस केवलराम आला तेव्हा तिनं अंगठा पुढं केला नाही. "वापस धाड हे," ती म्हणाली. "लिव का बाई घेत नाई."

केवलरामनं सायकल स्टँडवर लावली. त्याला हसावं की नाही कळेना. "लहुटा देहूँ दाई, मोर का जाथे. फेर बेटा थोरे लहुटही."

नऊ वर्षांत तिला छत्तीसगढी चांगली कळू लागली होती: पैसे परत जातील, पण लेक थोडाच परत येणार. तिनं त्याच्या पिशवीकडे पाहिलं. मग अंगठा पुढं केला. पाच रुपयांच्या पाच कोऱ्या नोटा. त्या तिनं आढ्याला खोचल्या नाहीत. पदराच्या टोकाला गाठ मारली.

एक जुलैला सकाळी मायलेकी निघाल्या. बोरसी गावावरून पायवाट धरली की बसचे पैसे वाचत. पत्र्याची पेटी कधी एकीच्या डोक्यावर, कधी दुसरीच्या. नलू बोलत होती; नवीन हिंदीच्या बाई, मागच्या बाकावरची सरोजा, जी झोपेत पाढे म्हणते. अंजनाबाई हं हं करत होती. आता सांगू, त्या झाडापाशी सांगू, असं करत दुर्ग आलं, छात्रालयाची भिंत आली. फाटकाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, एका बाकाचं हॉटेल होतं. कढईत भजी तळली जात होती. तिथं तिनं सांगितलं.

नलूनं पेटी खाली ठेवली. "वीस? कुठून देशीन वीस?"

"देईन."

"कुठून पन?"

अंजनाबाईनं पदराची गाठ मुठीत धरली. पोरीनं ती मूठ पाहिली.

"दादाचे?"

"नलू—"

"मी नाई जात."

"मॅट्रिक व्हाचं हाये तुले."

"नाई जात म्हनलं ना. तूच बोलली होती. मड्यावरचे पैसे खाशीन काय म्हने. मी तुह्यासंगं घमेलं उचलीन, आई. रेजाचं काम मले येते. पन हे मी नाई खात." आणि मग, आवाज फुटल्यावर, हिंदीत, "मेरे से नहीं होगा. एक-एक कौर में दादा दिखेगा."

फाटकातून मुली आत जात होत्या. कुणी नलूला हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. अंजनाबाईला पुष्कळ बोलायचं होतं. तुझ्या भावानंच लिहिलं होतं, शाळा सुटू देऊ नको. पण तिला ठाऊक होतं की एप्रिलमधल्या त्या एका वाक्यापुढं यातलं काहीच टिकणार नाही. ते वाक्य पोरीच्या आत जाऊन बसलं होतं आणि ते तिथं तिनं स्वतः ठेवलं होतं. खरं म्हणजे ते खोटं होतं असंही तिला वाटत नव्हतं. आजसुद्धा नाही.

तिनं गाठ सोडली. एक नोट काढली. रस्ता ओलांडून हॉटेलवाल्यापुढं धरली.

"चार आन्याचे भजे दे, भाऊ."

"इत्ता बड़ा नोट? चिल्लर नहीं है क्या, माँ?"

"नाई. हेच हाये."

त्यानं कुरकुरत मोड मोजून दिली, कागदावर भजी दिली. मोड तिनं बाकावरच राहू दिली. नलू पेटी उचलून मागोमाग आली होती, कारण आई अशी कधी हॉटेलात बसलेली तिनं पाहिली नव्हती.

"पाह्य," अंजनाबाई म्हणाली. "माह्याकडे पाह्य."

तिनं एक भजं तोंडात घातलं. गरम होतं. चावताना तिचा जबडा वाकडातिकडा झाला, डोळ्यांत पाणी आलं. तेलाचं की कशाचं, कुणाला कळणार. ते गेल्यावर दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. पाठोपाठ, उपाशी माणसासारखं. हॉटेलवाला झारा हातात धरून बघत राहिला.

"आई, बस कर."

"पहिले मी खाल्ले," ती म्हणाली. "मायनं खाल्ले. जे पाप लागाचं थे मले लागन. तुले काही लागत नाई आता. जा."

"आई."

"घंटा होऊन राहिली. जा ना वो."

तिनं उरलेल्या चार नोटा दुमडून नलूच्या मुठीत कोंबल्या आणि पुढचं भजं उचललं. नलूनं मूठ आवळली, पेटी डोक्यावर घेतली. रस्ता ओलांडताना ती एकदाच अडखळली. फाटकाशी रत्नमालाबाई उभ्या होत्या. त्यांनी पेटीला हात दिला, आणि फाटक लागलं.

अंजनाबाईच्या तोंडातला घास तसाच होता. समोर गटार होतं, थुंकता आलं असतं. हॉटेलवाल्यानं पाण्याचा गिलास पुढं सरकवला. तो तिनं घेतला नाही. भिंतीपलीकडे मुलींनी प्रार्थना सुरू केली होती. ती संपेपर्यंत ती चावत राहिली, आणि मग तिनं तो घास गिळला.